चावरें कुत्रें

कुत्रें पाळावें कीं पाळूं नये याविषयीं सुशिक्षित कुटुंबांतून पुष्कळ चर्चा होते. तें कोणत्या जातीचें असावें, त्यास दूधभातावर ठेवावें कीं अन्य कांहीं द्यावें, सोवळ्याओवळ्याची व्यवस्था कशी लावावी, यांवर बोलणारेही पुष्कळ भेटतात. परंतु लाडाकोडांत वाढविलेलें घरचें कुत्रें एके दिवशीं माणसास चावलें म्हणजे पुढें काय करावयाचें, या प्रश्नापाशीं मात्र बहुतेक घरें एकदम मुकीं होतात. शेजाऱ्यांस कळूं नये म्हणून दार लोटून घेतलें जातें, ज्यास चावलें त्याची समजूत घातली जाते, आणि कुत्र्याचें काय करावयाचें तें रात्रीं दिवे मालवल्यावर हलक्या आवाजांत ठरतें. आमच्या घरीं असेंच झालें. तें कसें झालें व त्यांत आमचें काय काय चुकलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों. ज्यांच्या घरीं कुत्रें नाहीं त्यांनींही हें पान उलटूं नये, शेजारीं असतेंच.

आमच्या राजाची आई जर्मन शेफर्ड जातीची, म्हणजे जुनी मंडळी जिला अल्सेशियन म्हणतात ती. बाप कोण तें कोणासच ठाऊक नाहीं. २०१७ सालीं आमच्या चिरंजीवांनीं त्यास टोपलींत घालून पुण्यास आमच्या एरंडवण्यांतील घरीं आणलें, तेव्हां आमच्या आत्याबाईंच्या कपाळास आठ्या पडल्या. परंतु आठच दिवसांत, जेवणापूर्वीं बाहेर ठेवावयाचा घांस त्या त्याच्याच पुढें ठेवूं लागल्या. "श्वानाचा वांटा शास्त्रानेंच सांगितला आहे," असें त्यांचें समर्थन. पुढें पांच वर्षें राजानें कोणास नखही लावलें नाहीं. पोस्टमन, गॅसचा माणूस, सकाळीं फिरावयास निघणारी पेन्शनर मंडळी, सर्वांनीं त्याच्या डोक्यावरून हात फिरवावा आणि त्यानें शेपूट हालवावी, असा त्याचा लौकिक होता. हा लौकिक मोठा घातक. तो एकदां जमला म्हणजे डोळ्यांस जें दिसतें तेंही मनास पटत नाहीं.

२०२२ च्या श्रावणांत घरकामास येणाऱ्या बाई (त्यांस आम्ही सर्वजण मावशी म्हणतों) ओसरी झाडीत असतां राजानें वसकन् त्यांचें मनगट धरलें. दांतांच्या दोन खुणा उमटल्या, थोडें रक्त आलें. आम्हीं त्यांस डॉक्टरांकडे नेलें, इंजेक्शनांचा खर्च केला, चार दिवसांची भरपगारी रजा दिली, आणि आपण फार उदारपणें वागलों अशा समाधानांत राहिलों. मनांतून मात्र खटल्याचा निकाल आम्हीं केव्हांच लावून टाकला होता: बाईंनीं केरसुणी मारली असेल, त्याखेरीज आमचा राजा चावणार नाहीं. मावशी म्हणत होत्या, "काका, देवाशपथ मी मारलं नाहीं. केरसुणी नुसती त्याच्या मागच्या पायाला लागली." हें आम्हीं ऐकून घेतलें, एवढेंच. आम्हांस हव्या असलेल्या सर्व गोष्टी त्या दोन वाक्यांत होत्या. त्या कळावयास चार महिने आणि एका लहान मुलाच्या हातावरची जखम लागली.

गणपति झाल्यावर राजा गुरगुरूं लागला. तो जिन्याशीं निजला असतां कोणी ओलांडून गेलें, किंवा त्यास बसल्या जागेवरून उठविलें, कीं घशांतल्या घशांत गुरगुर सुरू. आमच्या शेजारीं एक निवृत्त सद्गृहस्थ राहतात. त्यांनीं निदान केलें कीं, कुत्रा मुळांत लांडगा. कळपांत जो वरचढ त्यासच तो मानतो. तुमचा धाक उरलेला नाहीं, तेव्हां त्यास उताणा पाडून जमिनीशीं दाबून धरा. मत भारदस्त वाटलें. तें आलें कोठून तें आम्हीं मागाहून शोधून पाहिलें. रुडॉल्फ शेंकेल यांनीं बाझल येथील प्राणिसंग्रहालयांत कोंडलेल्या लांडग्यांचें निरीक्षण करून १९४७ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांत वरचढपणासाठीं चालणाऱ्या झटापटींचें वर्णन होतें. अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या ग्रंथानें ती कल्पना सर्वतोमुखीं केली. पुढें त्याच मेक यांनीं मोकळ्या रानांतले लांडगे वर्षानुवर्षें पाहिल्यावर १९९९ सालीं लिहिलें कीं, रानांतला कळप म्हणजे बहुधा आईबाप व त्यांचीं पोरें यांचें कुटुंब असतें, आणि त्यांतल्या आईबापांस 'नायक' हा किताब लावण्याचें कांहीं प्रयोजन नाहीं. ज्यानें मत पसरविलें त्यानेंच तें मागें घेतलें. आमच्या गल्लीपर्यंत मात्र पहिलेंच मत पोंचलें होतें. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांतल्या पशुवैद्यांनीं २००९ सालीं एक पाहणी प्रसिद्ध केली आहे. वागणुकीच्या तक्रारी घेऊन आलेल्या कुत्र्यांच्या मालकांस त्यांनीं विचारलें कीं, तुम्हीं काय काय उपाय केले व कुत्र्यानें काय उत्तर दिलें. ज्यांनीं मारणें किंवा लाथाडणें हा उपाय केला होता, त्यांपैकीं ४३ टक्क्यांच्या कुत्र्यांनीं उलट चवताळूनच उत्तर दिलें होतें.

आमच्या चिरंजीवांनीं उताणें पाडण्याचें धाडस केलें नाहीं, हें ईश्वराचे उपकार. त्यांनीं सौम्य मार्ग पत्करला: वर्तमानपत्राची सुरळी करून प्रत्येक गुरगुरण्यास नाकावर एक तडाखा. पंधरा दिवसांत गुरगुरणें बंद झालें. घरांत सर्वांनीं समाधान मानलें.

त्यांत आम्हीं काय केलें होतें तें आतां कळतें. चावा ही कुत्र्याच्या बोलण्याची शेवटची पायरी असते. केंडल शेफर्ड या ब्रिटिश पशुवैद्य बाईंनीं या पायऱ्यांची एक शिडीच मांडली आहे. झोंप आलेली नसतां जांभई देणें, नाक चाटणें, मान फिरविणें, उठून दूर जाणें, कान मागें पाडून अंग चोरणें, शेपूट पोटाखालीं घेणें, मग ताठ होऊन टक लावणें, मग गुरगुरणें, मग हवेंत दांत वाजविणें, आणि अखेर चावा. खालच्या पायऱ्या माणसांस दिसतच नाहींत. गुरगुरणें तेवढें ऐकूं येतें. तेंही आम्हीं मारून मारून बंद पाडलें. घरास आग लागल्याची घंटा फार वाजते म्हणून घंटाच काढून ठेवावी, त्यांतला हा प्रकार.

त्याच वर्षीं नाताळच्या सुटींत आमची कन्या आपल्या सहा वर्षांच्या मुलास घेऊन नाशिकहून आली. दुपारची वेळ, राजा ओसरीवर निजलेला, नातवाचा चेंडू त्याच्या पलीकडे गेला. तो घेण्यासाठीं मूल राजाच्या कमरेवर हात टेकून वांकलें. गुरगुर नाहीं, कांहीं नाहीं. चावा कोपराखालीं बसला. चार खुणांपैकीं एक चांगली खोल.

येथें सर्व घरांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें थोडें सांगतों. जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें पुरतीं १५ मिनिटें धुवावयाची असते. घड्याळ लावून बसल्याशिवाय १५ मिनिटें किती दीर्घ असतात तें कळत नाहीं, आणि मूल रडूं लागलें कीं आपण दोन मिनिटांत आटोपतें घेतों. हळद, चुना, तिखट, कॉफी यांपैकीं कांहींएक जखमेस लावूं नये. त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. कुत्र्यास लस टोचलेली आहे या भरंवशावर घरीं बसूं नये, कारण रेबीजचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं म्हणजे माणूस बहुधा वांचत नाहीं. पोटांत घ्यावयाच्या चौदा इंजेक्शनांची दहशत अजून पुष्कळांच्या मनांत आहे; तो प्रकार केव्हांच इतिहासजमा झाला. आतां दंडांत लस देतात ती पहिल्या दिवशीं व त्यानंतर ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशीं. जखम रक्त येण्याजोगी असली तर जखमेंतच प्रतिद्रव्याचें औषधही टोंचतात. आणि चावलेल्या कुत्र्यास १० दिवस डोळ्यांसमोर ठेवावयाचें असतें. तेवढ्या अवधींत तें धडधाकट राहिलें तर चावतेवेळीं त्याच्या लाळेंत रोग नव्हता असें समजतात. म्हणून रागाच्या भरांत कुत्र्यास तत्काळ मारणारा अगर दूर सोडून येणारा मनुष्य स्वतःच्याच मुलाविषयींचा पुरावा नाहींसा करीत असतो.

रात्रीं बैठक बसली. कन्येचें म्हणणें सरळ होतें: "बाबा, तुम्हांला राजा हवा असेल तर ठेवा. मी मुलाला घेऊन या घरांत पुन्हां येणार नाहीं." चिरंजीव खालीं मान घालून बसले होते. पशुवैद्यास बोलावून कायमचें निजवावें, हा शब्द एकदां कोणीतरी उच्चारला आणि पुढें कोणीच बोलेना. मग सूनबाईंस साताऱ्याकडे असलेली आमच्या मेहुण्यांची शेती आठवली. मोकळी जागा, विहीर, चार गुरें, राखणीस कुत्रें हवेंच असतें. तेथें राजा मोकळा राहील. आम्हां सर्वांस एकदम हायसें वाटलें. कोणास मारावयाचें नाहीं, कोणास टाकावयाचें नाहीं, कन्या रुसावयाची नाहीं. १० दिवस झाले कीं गाडी ठरवावी, येथपर्यंत आम्ही आलों.

आत्याबाई तोंवर जपमाळ घेऊन कोपऱ्यांत बसल्या होत्या. त्यांनीं विचारलें, "त्या राखणदाराला दोन पोरं आहेत ना रे? धाकटी केवढी?"

"चार वर्षांची असेल," आम्हीं म्हटलें.

"म्हणजे आपल्या सहा वर्षांच्याला चावला तर चालत नाहीं, आणि त्याच्या चार वर्षांचीला चावला तर चालतो, असं ठरलं का?"

यावर कोणापाशींही उत्तर नव्हतें. आम्हीं पुढें अनेक परिचितांस विचारलें तेव्हां आढळलें कीं चावऱ्या कुत्र्याचा शेवट बहुतेक घरीं याच रीतीनें झालेला आहे: 'शेतावर पाठविला', 'गांवीं एकाला दिला', आणि क्वचित् 'रात्रीं गाडींतून दूर सोडून आलों'. देतांना तो चावतो हें सांगितलें होतें काय, असें विचारलें म्हणजे विषय पालटतो. शेतावर दवाखाना कोस दोन कोस दूर, औषध तेथें मिळेलच असें नाहीं, आणि ज्यास चावेल तो मालकाकडे तक्रार करावयास येणार नाहीं, कारण त्याची भाकरी मालकाच्या हातीं. आपल्या घरचें संकट ज्याच्या तोंडास कुलूप आहे अशाच्या दारांत नेऊन बांधणें, यास आम्ही दयाबुद्धि म्हणत होतों! कायदाही याविषयीं अगदींच मुका नाहीं. आपल्या जनावरापासून माणसास इजा होऊं नये म्हणून योग्य बंदोबस्त न ठेवणें हा पूर्वीं भारतीय दंड संहितेच्या कलम २८९ खालीं गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खालीं येतो, आणि त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद अगर ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. जनावर उपाशीतापाशी मरेल अशा स्थितींत सोडून देणें हा १९६० च्या प्राणिक्लेशप्रतिबंधक कायद्याप्रमाणें गुन्हाच आहे. मात्र त्या कायद्यानें पहिल्या गुन्ह्यास ठरविलेला दंड १० ते ५० रुपये! तेवढ्यांत हल्लीं पट्टाही येत नाहीं.

आत्याबाई तेवढ्यावर थांबल्या नाहींत. "आणि मावशी तेव्हां काय म्हणत होती, तें कोणी पुन्हां विचारलं का?" आम्हांस महाभारताच्या आदिपर्वांतली सरमेची कथा आठवली. जनमेजयाच्या यज्ञांत शिरलेल्या कुत्र्याच्या पिल्लास राजाचे भाऊ बडवितात. तें रडत आईकडे जातें. ती देवांची कुत्री सरमा. परंतु ती प्रथम पोरासच विचारते कीं, तूं कांहीं अपराध केला असशील. मीं हवि चाटला नाहीं, त्याकडे पाहिलेंही नाहीं, असें तें सांगतें, तेव्हां कोठें ती यज्ञमंडपांत जाऊन जाब विचारते. ती विचारते, मग बोलते. आमच्या घरीं चार महिन्यांपूर्वीं एका बाईवर विनाचौकशी ठपका ठेवला गेला होता, आणि त्या रात्रीं एका जनावराचा निकाल त्याच पद्धतीनें लागत होता.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं मावशींस खुर्ची देऊन विचारलें. त्यांनीं तेंच सांगितलें. केरसुणी मागच्या उजव्या पायास लागली. आणि पुढें म्हणाल्या, "काका, त्याचं मागचं अंगच दुखतंय. पावसाळ्यापासून तो जिना एका दमांत चढत नाहीं. उठतांना पुढच्या पायांवर जोर देतो. मी खालीं बसून फरशी पुसते ना, मला दिसतं." घरांत सहा शिकलेलीं माणसें, हें कोणास दिसलें नव्हतें.

पशुवैद्यांकडे गेलों ते दोन्ही चाव्यांचें टिपण लिहून घेऊन गेलों: दिवस, वेळ, कुत्रें काय करीत होतें, माणूस काय करीत होता, अंगास हात कोठें लागला, पूर्वसूचना होती कीं नाहीं, जखम केवढी. हें टिपण आमच्या सर्व खटपटींत सर्वांत उपयोगीं पडलें. पशुवैद्यांनीं तें वाचून प्रथम इयान डनबार यांची मोजणी समजावून दिली. चाव्याची गंभीरता तींत सहा पायऱ्यांनीं मोजतात. दांत न लागतां अंगावर येणें ही पहिली; दांत लागले पण कातडी भेदली नाहीं ती दुसरी; एकाच चाव्याच्या एक ते चार खुणा, पण सुळ्याच्या निम्म्या लांबीहून कमी खोल, ती तिसरी; त्याहून खोल, किंवा धरून हिसडणें, ती चौथी; असे अनेक चावे ही पांचवी; आणि सहावींत मृत्यु. पहिल्या दोहोंत आशा पुष्कळ; चौथीपासून पुढें फार थोडी. मावशींची जखम तिसरींत. नातवाची तिसरी आणि चौथी यांच्या सीमेवर. मग क्ष-किरण चित्र काढलें. मागच्या दोन्ही खुब्यांचे सांधे झिजलेले, उजवा अधिक. या जातींत हा दोष पुष्कळ आढळतो. दोन्ही वेळां हात अगर केरसुणी नेमकी तेथेंच लागली होती.

वाचकांस वाटेल, सुटलें कोडें. पशुवैद्य तसें म्हणाले नाहींत. दुखणें कमी होईल, ते म्हणाले, परंतु माणूस जवळ आला म्हणजे दुखतें ही आठवण जाईलच असें नाहीं. आणि हा कुत्रा पुन्हां कधींच चावणार नाहीं असें लिहून मागाल तर तें मी काय, कोणीच देणार नाहीं. तुमच्या घरीं लहान मूल कायमचें राहत असतें तर माझा सल्ला निराळा असता. त्यांचें हें स्पष्ट बोलणें आम्हांस औषधाहून अधिक उपयोगीं पडलें.

वेदनाशामक औषध सुरू झालें. दूधभात व आत्याबाईंचा तुपाचा घांस बंद. वजन पांच किलोंनीं उतरविलें. ओसरीवर निजणें बंद. मागल्या खोलींत जाड गादी, आणि तेथें त्यास कोणीं शिवावयाचें नाहीं. मुसकें आणलें तें पिंजऱ्यासारखें, ज्यांत त्यास धापा टाकतां येतात व पाणी पितां येतें; तें पहिल्याच दिवशीं बांधलें नाहीं, तीन आठवडे त्यांत खाऊ ठेवून त्यानें आपण होऊन तोंड घालावें इतकी सवय केली. आतां रस्त्यावर तो मुसक्यावांचून जात नाहीं. वर्तमानपत्राची सुरळी बंद झाली; दोन महिन्यांनीं तो पुन्हां गुरगुरूं लागला, आणि आम्हीं तें ऐकून आनंद मानला! मावशींची आम्हीं क्षमा मागितली. त्यांनीं हंसून विषय बदलला. त्यांनीं क्षमा केली असा आमचा समज आहे. त्यांचा काय आहे तें आम्हांस ठाऊक नाहीं. मागली खोली त्यांच्या कामांतून काढून टाकली आहे. ती आम्हीच झाडतों.

प्रत्येक ठिकाणीं असें होत नाहीं, व होऊंही नये. मुंबईस आमच्या एका स्नेह्यांचा कुत्रा दीड वर्षांत चार वेळां चावला; शेवटच्या दोन्ही वेळां त्यानें धरून हिसडले, मांस फाटलें. घर तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचें, एकींत अंथरुणास खिळलेल्या मातोश्री, दुसरींत रांगतें मूल. दोन पशुवैद्यांनीं तपासलें, दुखणें सांपडलें नाहीं, औषधाचा गुण आला नाहीं. खरें सांगून कोणास द्यावा तर घेणारा मिळेना, आणि खोटें सांगून द्यावयाचा नाहीं असा त्यांचा निश्चय. २०२१ सालीं त्यांनीं पशुवैद्यांस घरीं बोलावून त्यास निजविलें. आधीं गुंगीचें, मग भुलीच्या औषधाचें मोठें इंजेक्शन. घरचीं माणसें जवळ, मालकाचा हात त्याच्या कपाळावर. पुढें त्यांच्या आप्तांपैकीं कांहींनीं 'हत्या' हा शब्द वापरला. त्यांपैकीं एकानेंही तो कुत्रा आपल्या घरीं नेण्याची तयारी दाखविली नव्हती, हें आम्ही येथें मुद्दाम नमूद करतों. आम्हांस त्या स्नेह्यांचें करणें योग्य वाटतें. आमच्या राजाच्या नांवावर तिसरा खोल चावा पडता तर आम्हांसही तेंच करावें लागलें असतें, आणि पडला तर करावें लागेल. हें चिरंजीवांनीं व आम्हीं आधींच बोलून ठेवलें आहे.

२०२३ ची दिवाळी आम्हीं नाशिकास केली. कन्या आली नाहीं, आणि तिचें कांहीं चुकलें असें आम्हांस वाटत नाहीं. पुढल्या वर्षीं ती आली तेव्हां तिच्या अटी होत्या व त्या आम्हांस मान्य होत्या. मूल घरांत आहे तोंवर राजा मागल्या खोलींत, दारास आंतून अडसर नव्हे, बाहेरून कडी. आणि मूल निजल्यावरच त्याचें बाहेर जाणें. नातू आतां मोठा झाला आहे, हातावरची खूण पुसट होऊं लागली आहे. जेवावयास बसण्यापूर्वीं तो विचारतो, "आजोबा, कडी लावली?" लावली म्हणून सांगितलें तरी तो स्वतः जाऊन हात लावून पाहून येतो. पलीकडून राजाची शेपूट दारावर आपटल्याचा आवाज येतो.